पाण्यावरची सुगी

घट उठतात, उपास सुटतो आणि शिंगाड्याच्या पिठाचा डबा फडताळात मागच्या रांगेला जातो. आता त्याची आठवण थेट एकादशीला. गंमत अशी, की आपल्या घरात शिंगाडा विसरला जातो नेमक्या त्याच दिवसांत महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला तो पाण्यातून वर येऊ लागलेला असतो. नवरात्रात आपण खाल्ले ते पीठ बहुधा गेल्या सालच्या मालाचे. यंदाची सुगी आश्विनात सुरू होते आणि मार्गशीर्षापर्यंत रेंगाळते. दिवाळीच्या सुटीत कुठे जावे याचा घरोघरी खल चालू असतो, म्हणून मुद्दाम सुचवावेसे वाटते: एकदा मुलाबाळांना घेऊन गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या बाजूला जावे आणि तलावातली ही सुगी पाहून यावे.

शिंगाडा नेमका कुठे लागतो, याविषयी शहरातल्या घरांत बराच गोंधळ असतो. मुलांना विचारले तर झाडाला लागतो म्हणतील. मोठी माणसे थोडा विचार करून जमिनीत म्हणतील. यात त्यांचा दोष नाही. वाण्याच्या दुकानात तो येतो तोच मुळी पुडीत बंद होऊन, पांढरे पीठ म्हणून, फार तर दगडासारखा टणक वाळका गर म्हणून. त्याचे मूळ रूप पाहिले म्हणजे नाव का पडले ते लगेच कळते. हिरवे किंवा लालसर कवच आणि दोन्ही अंगांना टोकदार शिंगे. संस्कृतात शृंगाटक, आपल्याकडे शिंगाडा. चायनीज हॉटेलात भाजीत ज्या कुरकुरीत पांढऱ्या चकत्या मिळतात आणि ज्यांना इंग्रजीत शिंगाड्याचेच नाव आहे, ती मात्र निराळी वस्तू. तो एका लव्हाळ्याचा कंद. त्या जातीचे लव्हाळे आपल्याकडच्या पाणथळींतही उगवते आणि त्याचे कंद सारस पक्षी आवडीने उकरून खातो.

नवेगावबांधला जाणे वाटते तितके अवघड नाही. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूर-पुण्याकडून महाराष्ट्र एक्सप्रेस, या दोन्ही गाड्या गोंदियालाच थांबतात. तिथून चांदाफोर्टच्या मार्गावर देऊळगाव हे नवेगावला सर्वांत जवळचे स्थानक. नागपूरहून मोटारीने निघालात तर रायपूरच्या हमरस्त्याने भंडारा, साकोली मागे टाकून कोहमाऱ्याला उजवीकडे वळायचे. वळल्यावर थोड्याच वेळात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची शेते, मध्येच साल-सागाचे नव्हे तर साग-ऐनाचे रान आणि त्या रानाच्या कडेला एकामागून एक पाणी लागते. मोठा तलाव, लहान तलाव, बोडी. गोंदियाला स्वतंत्र जिल्हा म्हणून १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळे काढण्यात आले. त्याआधीपासून भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणत आले आहेत, ते उगीच नव्हे.

बहुतेक प्रवासी इथे येतात ते वाघ आणि पक्षी पाहायला. नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीतला काळ इथे काढला आणि इथले पाणी, पाखरे, माणसे मराठी वाचकाच्या घरात आणून सोडली. जून २०२५ मध्ये ते गेले. नवेगावचा मोठा तलाव अनेकांना त्यांच्या पुस्तकांतूनच ठाऊक आहे.

हा तलाव निसर्गाने दिलेला नाही, तो बांधलेला आहे. नावातला ‘बांध’ तेच सांगतो. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे परंपरा सांगते. भोवतीच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात, आणि कोलू पाटलांचा पुढे कोलासुर होऊन तो देवासारखा पुजला गेला. इंजिनिअराला देवपण देणारा हा मुलूख! कोहळी समाजाचे पूर्वज काशीकडून आले आणि गोंड राजांच्या आश्रयाने त्यांनी तलाव बांधले, असे सांगतात. नवेगावबांध, सिरेगावबांध, शिवनीबांध ही त्यांतली मोठी नावे. लहानांची तर मोजदाद हजारांत जाते. उताराची जमीन हेरायची, ओढ्याला आडवी मातीची पाळ घालायची, पाळीखाली धान आणि ऊस करायचा. एका तलावातून सांडलेले पाणी खालच्या तलावात, तिथले आणखी खालच्या बोडीत, अशी ही उतरंड.

पाळीखालच्या जमिनीचा मालक कोण, ते सर्वांना ठाऊक असते. पाळीच्या आतल्या पाण्यात शेती करणारा समाज मात्र वेगळा. तो ढीवर. जमीन बहुधा नाही, असली तर नावापुरती. डोंगा, जाळे आणि तलाव हीच त्याची मिळकत. मासे तो बारा महिने धरतो. शिंगाडा हे त्याचे पीक.

पीक हा शब्द इथे जाणूनबुजून वापरला आहे. शिंगाडा आपोआप उगवतो आणि कोणीतरी जाऊन तोडून आणतो, असा आणखी एक समज आहे. प्रत्यक्षात त्याला धानाइतकीच राबणूक लागते. सरत्या हंगामातली पूर्ण पिकलेली फळे बियाण्यासाठी निवडून पाण्यातच ठेवावी लागतात, कारण शिंगाड्याचे बी वाळले की मेले. थंडी ओसरल्यावर ते लहान डबक्यात किंवा बोडीत रुजते. पावसाळा लागून तलावात पाणी चढले, की तिथले वेल उपटून आणायचे, त्यांच्या जुड्या बांधायच्या आणि छातीएवढ्या पाण्यात उभे राहून पायाच्या अंगठ्याने एकेक जुडी चिखलात दाबायची. हाताने नव्हे, अंगठ्याने. हात पोचत नाहीत. धानाची रोवणी आपण निदान चित्रात पाहिलेली असते. ही रोवणी पाण्याच्या आत होत असल्यामुळे काठावरच्या माणसाला दिसतच नाही.

मग वेल पाण्यावर येतो. पाने गोलाकार रचलेली, चांदीच्या नाण्यांचा चौक मांडावा तशी; देठाला मध्ये फुगीर पोकळी, तिच्यात हवा, म्हणून सगळा पसारा तरंगत राहतो. फूल पांढरे, चार पाकळ्यांचे, पाण्याच्या वर उमलते. फळ धरले की देठ वळतो आणि फळ पाण्याखाली जाते. म्हणजे ज्याच्यासाठी एवढी यातायात ते कधीच वरून दिसत नाही. एक भुंगेरा असतो, तो आणि त्याची अळी पानांची चाळण करतात. एखाद्या साली त्याने तलावच्या तलाव खाऊन टाकावा. पानांवरून लांबलचक बोटांचा कमळपक्षी चालत असतो. त्याला पाणी लागत नाही आणि मुलांना तो एकदा दाखवला, की परत निघायचे नाव काढत नाहीत.

तोडणी पाहायची तर सकाळी लवकर काठावर जावे. नवेगावच्या मोठ्या तलावापेक्षा आजूबाजूच्या उथळ, लहान तलावांत शिंगाडा अधिक. धुके पाण्यावरून उठायच्या आत माणसे पाण्यात असतात. कोणी डोंग्यात वाकलेले, कोणी कमरेपर्यंत उतरलेले. डाव्या हाताने वेलाचा चौक उचलून उलटा करायचा, उजव्या हाताने खाली लोंबणारी फळे चाचपून तयार असतील तेवढीच खुडायची, चौक पुन्हा जागेवर सोडायचा आणि पुढे सरकायचे. कोवळे खुडले तर वजन जाते, फार जून झाले तर फळ आपणच गळून तळाशी बसते. म्हणून त्याच वेलाकडे थोडे थोडे दिवस सोडून तीन-चार वेळा यावे लागते. टोपली भरते तोवर बोटांची टोके काट्यांनी फुटलेली असतात, पाण्याने कातडी पांढरी पडलेली असते. कार्तिकातले पहाटेचे पाणी काय असते ते सांगायला नको, आणि जळवांना तर थंडी वाजत नाही.

आपल्या उपासाच्या शास्त्रात एक मोठी सुंदर कल्पना आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न खायचे नाही. वर्षभर राबणाऱ्या मुक्या जनावराची एक दिवस तरी आठवण ठेवणारा हा रिवाज जगात दुसरीकडे क्वचितच असेल. शिंगाडा या कसोटीला पुरेपूर उतरतो: त्याला नांगर नाही, बैल नाही, धान्यातही त्याची गणना नाही. पण बैलाचे कष्ट वगळताना तिथे माणसाचे कष्ट आले, हे मात्र पिठाच्या पुडीवर कुठे लिहिलेले नसते. शिरा करताना, थालीपीठ थापताना आपल्याला वाटते की हे निसर्गाचे, फळाचे, हलके, सात्त्विक काहीतरी आहे. एवढे सात्त्विक अन्न इतक्या जखमी बोटांतून येते, हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर चव बदलत नाही. पण भावात घासाघीस करायची इच्छा कमी होते.

भावाचीही एक कथाच आहे. ताजा शिंगाडा टिकत नाही. दोन-चार दिवसांत विकला तर विकला. म्हणून मोठ्या पातेल्यांत उकडून, काळपट झालेले शिंगाडे टोपलीतून आठवडी बाजारात, बसथांब्यावर, रेल्वेच्या डब्यात विकले जातात. विदर्भातल्या माणसाला दिवाळीच्या आसपासचा हा वास ठाऊक आहे. ज्याला वाळवून पीठ करायचे, त्याला उकडणे, वाळवणे, कवच फोडणे, पुन्हा वाळवणे, दळणे एवढे सोपस्कार करावे लागतात. त्यासाठी जागा, ऊन, भांडवल आणि वाट पाहण्याची ऐपत लागते. ती बहुधा व्यापाऱ्याजवळ असते, डोंग्यातल्या माणसाजवळ नसते. ओला माल स्वस्तात काठावरून जातो आणि आपण पिठाला जे पैसे मोजतो, त्यातला मोठा वाटा वाटेतच मुरतो.

आता या पाण्याच्या मालकीकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. मालगुजारीच्या काळात तलाव मालगुजाराचा. पण गावाला निस्ताराचा हक्क असे, आणि ढीवराचा मासा-शिंगाडा हा त्या व्यवस्थेचा भाग असे. ती व्यवस्था न्यायाची होती असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पण पाळीवर कोणाची तरी नजर असे. हा भाग मध्य प्रदेशात असताना १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. पुढे हा मुलूख १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. शंभर हेक्टरांहून अधिक भिजवणारे तलाव पाटबंधारे खात्याकडे, त्याहून लहान जिल्हा परिषदेकडे, अशी वाटणी झाली. सरकारी कागदांत यांना ‘माजी मालगुजारी’ आणि लघुरूपात ‘मामा तलाव’ म्हणतात. नाव मामाचे असले, तरी मामाच्या घरची माया या तलावांच्या वाट्याला फारशी आलेली नाही.

सरकारच्या दृष्टीने तलाव म्हणजे सिंचनाचे साधन. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेला ठरावीक मुदतीने मिळतो, पण दार कधी उघडायचे आणि पाणी किती खाली न्यायचे, हे ठरवताना पाण्यातल्या पिकाचा विचार शेवटी होतो, झाला तर. धानाला पाणी हवे असते तेव्हा शिंगाड्यालाही पाणी हवेच असते. उन्हाळी धान वाढले तसे तलाव उन्हाळ्यात तळाला जाऊ लागले, म्हणजे बियाणे जपायचे कुठे हाच प्रश्न. खताचे पाणी उतरून येते, गाळ साठतो, काठाने बेशरम नावाची वनस्पती माजते. नाव अगदी शोभणारे. कितीही कापा, पुन्हा उभी. जिथे बेशरम, तिथे ना शिंगाडा, ना देवधान, ना माशांना अंडी घालायला जागा.

यावर उपाय म्हणून गाळ काढणे हे सर्वांना सुचते. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेतून राज्यभर ते काम झाले. गाळ निघाला पाहिजे यात वाद नाही. परंतु यंत्राने तलावाचा तळ सरसकट खरवडून त्याची कढई केली, तर काठची उथळ जागा नाहीशी होते आणि तलावातले जीवन बहुतेक त्या गुडघाभर पाण्यातच असते. इथल्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने ढीवरांना बरोबर घेऊन वेगळी वाट धरली. बेशरम मुळासकट उपटायची, तलावाचा कोरडा तळ नांगरायचा आणि पाऊस आला की मूळच्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावायच्या. हे काम मुख्यतः बायकांनी केले. कोणत्या वनस्पतीच्या आसऱ्याला कोणता मासा येतो, हे ढीवरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. त्यांना कोणी विचारले नव्हते इतकेच.

शिंगाडा म्हणजे सगळे मंगलच, असेही समजू नये. वेलाने अख्खा तलाव झाकला तर खालच्या पाण्यात उजेड आणि प्राणवायू कमी पडतो, मासे गुदमरतात. भुंगेऱ्यावर मारलेले औषध त्याच पाण्यात उतरते, जिथे गावची गुरे पाणी पितात. तलावाचा किती भाग शिंगाड्याला, किती मोकळा, फवारणी करायची की नाही, हे एका घराने ठरवण्याचे काम नव्हे. गावाने बसून ठरवायचे आहे. त्यासाठी गावाला ठरवण्याचा हक्क असावा लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात जलाशयातील मासे आणि इतर उत्पादने हा सामूहिक हक्क म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे, आणि गोंदिया जिल्ह्यात ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळालेही आहेत. पण ढीवर आदिवासींच्या यादीत नाही. त्याला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची वहिवाट सिद्ध करावी लागते. ज्याची शेती पाण्यात, त्याने सातबारा आणावा कुठून? पाण्यावर डोंग्याची रेघ उमटते ती क्षणभर. हा पुराव्याचा अट्टहास सैल व्हायला हवा, आणि तलावाच्या दाराचा निर्णय घेताना ढीवरांच्या संस्थेला बोलावणे सक्तीचे व्हायला हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत गेलेल्या मुलाकडे शरदात जाऊन आलेले आईवडील हल्ली क्रॅनबेरीच्या मळ्यांचे फोटो दाखवतात. विस्कॉन्सिन आणि मॅसॅच्युसेट्स राज्यांत हे आंबट लाल फळ पाणथळ वाफ्यांत पिकते. ते पाण्यात वाढत नाही. सुगीच्या वेळी वाफ्यांत पाणी सोडतात, फळाच्या पोटात हवेच्या पोकळ्या असल्यामुळे ते तरंगून वर येते आणि सारे तळे लालभडक होते. पाहायला गाड्या भरभरून माणसे जातात. विस्कॉन्सिनच्या वॉरेन्स या लहानशा गावात १९७३ पासून त्याचा महोत्सव भरतो. बागायतदारांची १९३० मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था आज जगभर रस विकते. आपल्या दुकानांतही तिच्या बाटल्या दिसतात. तिथला शेतकरी वाफ्याचा मालक आहे, माल सुकवणारा-दळणारा कारखाना त्याच्या संस्थेचा आहे, म्हणून पाहुण्यांच्या गर्दीचा त्याला फायदा होतो. आणखी एक मजा. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये १८७० च्या दशकात कोणी हौसेने शिंगाडा नेऊन तळ्यात सोडला. आज तिथे तो माजलेले तण ठरला आहे आणि स्वयंसेवक होड्यांतून जाऊन तो उपटून फेकतात. आपला एकादशीचा फराळ तिकडे कचऱ्यात!

नवेगावला महोत्सव भरवा, असे सुचवण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. मंडप, ध्वनिक्षेपक आणि स्वागताच्या कमानी आल्या की पाखरे आधी उठतील. त्यापेक्षा एकेका कुटुंबाने जावे. काठावर उभे राहून पाहावे. डोंग्यात बसायचे असेल तर आधी विचारावे, आणि कामाची वेळ मोडली म्हणून पैसे द्यावेत. मुलांना वेलाचा चौक उलटा करून फळ शोधू द्यावे. एकदा काटा टोचला की धडा पक्का. शिंगाडे तिथेच, कवचासकट, तोडणाऱ्याकडून घ्यावेत. तळ्याच्या पाण्यातले फळ असल्याने दातांनी सोलून कच्चे खाऊ नये. स्वच्छ धुऊन उकडावे. कोवळा असेल तर दुधट गोड, जून असेल तर उकडलेल्या रताळ्यासारखा पिठूळ.

कार्तिकी एकादशीपर्यंत तोडणी भरात असते. दुसऱ्या दिवसापासून तुळशीची लग्ने लागतात आणि ऊस, बोरे, आवळे यांच्या शेजारी विदर्भात शिंगाडाही मांडला जातो. त्यानंतर मालाची आवक उतरत जाते, पाने पिवळी पडतात, वेल कुजू लागतो. शेवटच्या तोडणीला टपोरी, काळी पडलेली फळे विकायची नसतात. ती वेगळ्या टोपलीत काढून बोडीच्या पाण्यात ठेवतात, आणि उन्हाळ्यात त्या बोडीत पाणी टिकेल की नाही याची चिंता पौषापासूनच सुरू होते.